विश्लेषण : युद्धकाळात सरकारने भाव बांधले की माल गायब का होतो? १९४३ चा धडा आज कितपत लागू?

मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर सीमेवर तणाव वाढला आणि समाजमाध्यमांवर धान्यटंचाईच्या अफवा पसरू लागल्या. देशात धान्याचा पुरेसा साठा आहे, साठेबाजी करणाऱ्यांवर जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली कारवाई होईल, असे केंद्रीय अन्नमंत्री प्रल्हाद जोशी यांना जाहीर करावे लागले. तेल कंपन्यांनीही इंधन भरपूर असल्याचा खुलासा केला. बाजार लवकरच शांत झाला. तो कायद्याच्या धाकाने शांत झाला की गोदामांतल्या साठ्याच्या भरवशावर, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. कारण युद्धकाळात सरकारने भाव आणि पुरवठा हाती घेण्याचा या देशाचा अनुभव ८५ वर्षांहून जुना आहे आणि त्यातील काही पाने अतिशय करुण आहेत.

भारतात युद्धकालीन भावनियंत्रण कधी सुरू झाले?

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतही युद्धात असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात ‘डिफेन्स ऑफ इंडिया’ कायदा आला. त्याखालील नियम ८१ अन्वये कोणत्याही वस्तूचे उत्पादन, साठा, वाहतूक, वितरण आणि किंमत यांवर हुकूम काढण्याचा अधिकार सरकारला मिळाला. आजच्या जीवनावश्यक वस्तू कायद्याचे मूळ या नियमात आहे. सुरुवातीची दोन वर्षे सरकारने हा अधिकार फारसा वापरला नाही. भाव थोडे वाढले तर मंदीत पोळलेल्या शेतकऱ्याला चार पैसे मिळतील, असा तेव्हाचा विचार होता. केंद्र आणि प्रांतांच्या भावनियंत्रण परिषदा भरत राहिल्या. त्यांत चर्चा बरीच झाली, निर्णय कमी.

दरम्यान महागाईचे खरे कारण वेगळेच होते. भारतात होणाऱ्या युद्धखर्चाचा मोठा वाटा ब्रिटन लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपाने खात्यावर जमा करत असे आणि त्या बदल्यात येथे रुपयाच्या नोटा छापल्या जात. युद्धाच्या सहा वर्षांत चलनातील नोटा सहा पटींच्या घरात गेल्या. माल तेवढाच, त्यातला बराच सैन्यासाठी राखलेला आणि बाजारात पैसा मात्र कितीतरी जास्त. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ आणि नी. वि. सोवनी यांनी १९४३ मध्ये ‘वॉर अँड इंडियन इकॉनॉमिक पॉलिसी’ या पुस्तकात सरकारच्या याच युद्धकालीन आर्थिक धोरणाची चिकित्सा केली होती.

गव्हाचा भाव बांधला तेव्हा काय झाले?

डिसेंबर १९४१ मध्ये सरकारने गव्हाचा कमाल घाऊक दर मणाला ४ रुपये ६ आणे ठरवला. लायलपूर आणि हापूड या दोन मोठ्या बाजारपेठा त्यासाठी आधार धरल्या गेल्या. हुकूम कागदावर चोख होता. पण सरकारकडे स्वतःचा गहू नव्हता. दर मान्य नसलेल्या व्यापाऱ्याने आणि मोठ्या शेतकऱ्याने माल रोखून धरला, तर तो बाजारात आणण्याची यंत्रणाही नव्हती. शिवाय बांधलेला भाव फक्त गव्हाचा होता. बाजरी, हरभरा, कापड, रॉकेल या इतर वस्तू महागत होत्या. गहू स्वस्तात विकून बाकी सारे महाग घेणे शेतकऱ्याला परवडणारे नव्हते.

परिणाम ठरलेला होता. नियंत्रित दराचा गहू दुकानातून नाहीसा झाला आणि मागच्या दाराने चढ्या दराने मिळू लागला. सरकारने दर वाढवून पाहिला, तरी आवक सुधारली नाही. डिसेंबर १९४२ मध्ये केंद्रात स्वतंत्र अन्न खाते स्थापन झाले आणि जानेवारी १९४३ मध्ये गव्हावरील दरमर्यादा उठवावी लागली. काळाबाजार हा शब्द घराघरांत पोहोचला तो या वर्षांत.

बंगालमध्ये नियंत्रण कशामुळे कोसळले?

मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती गेले आणि ब्रह्मदेशातून दरवर्षी येणारा दहा लाख टनांहून अधिक तांदूळ बंद झाला. जपानी फौजा किनाऱ्यावर उतरल्या तर त्यांच्या हाती काही लागू नये, म्हणून बंगालच्या किनारी भागातून जादा तांदूळ उचलण्यात आला आणि होड्या जप्त किंवा नष्ट करण्यात आल्या. नद्यांच्या त्या प्रदेशात होडी नाही म्हणजे मासेमारी नाही आणि धान्याची ने-आणही नाही. ऑक्टोबर १९४२ मध्ये मिदनापूरला चक्रीवादळाने झोडपले. त्यातच एकेका प्रांताने आपले धान्य बाहेर जाऊ न देण्याचे धोरण धरले. १९३५ च्या कायद्यानुसार अन्न हा प्रांतांचा विषय होता. त्यामुळे अखंड बाजारपेठेची शकले झाली आणि तुटीच्या बंगालला शेजाऱ्यांकडून मिळणारे धान्यही आटले.

बंगाल सरकारने जुलै १९४२ पासून तांदळाचा कमाल दर ठरवून दिला होता. तोही गव्हाच्याच वाटेने गेला. उपलब्ध धान्य आधी कोलकात्यातील कारखान्यांचे कामगार, सरकारी नोकर आणि रेल्वे-बंदर कर्मचारी यांना देण्याची व्यवस्था झाली. युद्धाचे काम चालू राहावे हा त्यामागील हेतू होता. खेड्यातील भूमिहीन मजूर, कोळी आणि कारागीर या यादीत नव्हते. मार्च १९४३ मध्ये सरकारने हात वर केले आणि नियंत्रणच उठवले. कोलकात्यात घाऊक तांदूळ डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३ ते १४ रुपये होता. तो मार्चमध्ये २१ वर, मे महिन्यात ३० च्या पुढे आणि ऑगस्टमध्ये ३७ रुपयांवर गेला. मजुराची मजुरी त्या प्रमाणात वाढली नाही.

सर जॉन वुडहेड यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ चौकशी आयोगाने १९४५ मध्ये मृतांची संख्या सुमारे १५ लाख सांगितली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज ३० लाखांपर्यंत जातात. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की या दुष्काळात धान्याच्या एकूण तुटीपेक्षा ते विकत घेण्याची ऐपत हरवणे अधिक घातक ठरले. धान्याची तूट नेमकी किती होती याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र बंगालने आधी हाती साठा नसताना भाव बांधला आणि मग कोणतीही पर्यायी सोय न करता तो मोकळा सोडला, याबद्दल दुमत होण्यासारखे नाही. दोन्ही वेळा किंमत मोजली ती गरिबाने.

मुंबईने वेगळे काय केले?

ज्या वर्षी बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत होती, त्याच वर्षी, २ मे १९४३ रोजी, मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले. इतक्या मोठ्या शहरात कुटुंबवार नोंदणी, शिधापत्रिका आणि ठरावीक दुकानातून ठरावीक धान्य ही पद्धत भारतात नवी होती. मुंबई प्रांत धान्याच्या बाबतीत तुटीचाच होता. ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाल्याचा फटका त्यालाही बसला होता. तरीही प्रशासनाने केवळ दर जाहीर करून थांबण्याऐवजी आधी धान्य ताब्यात घेणे, नंतर माणसे मोजणे आणि मग वाटप करणे असा क्रम धरला. ग्रामीण भागात शेतकऱ्यांकडून लेव्हीने धान्य घेतले जाऊ लागले. मिळणारे धान्य पोटभर नव्हते आणि त्याच्या प्रतीबद्दल तक्रारी कायम होत्या. पण प्रत्येकाला थोडे तरी मिळत होते.

कोलकात्यात शिधावाटप सुरू व्हायला ३१ जानेवारी १९४४ उजाडले. तोवर दुष्काळाचा सर्वात भीषण काळ उलटून गेला होता. १९४३ मध्येच सर थिओडोर ग्रेगरी यांच्या अन्नधान्य धोरण समितीने एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत शिधावाटप सुरू करावे आणि केंद्राने राखीव साठा उभारावा अशी शिफारस केली. जून १९४३ मध्ये कापड आणि सुतावरही नियंत्रण आले आणि मुंबईच्या गिरण्यांतून निघणाऱ्या कापडावर किंमत छापली जाऊ लागली. त्या काळाची खूण भाषेत अजून आहे. विदर्भ-मराठवाड्यात रेशनच्या दुकानाला आजही ‘कंट्रोल’ म्हणतात.

ब्रिटनमध्ये हेच कसे जमले?

ब्रिटनने ८ जानेवारी १९४० पासून बेकन, लोणी आणि साखर यांचे रेशनिंग सुरू केले. पुढे मांस, चहा, चीज, कपडे अशी यादी वाढत गेली. मात्र युद्ध चालू असताना पाव आणि बटाटा रेशनवर आणला नाही. पोट भरण्याची शाश्वती ठेवून बाकीच्या वस्तू मोजून द्यायच्या, असे ते धोरण होते. जोडीला अन्नावर अनुदान, श्रीमंतांवर जबर कर आणि सक्तीची बचत होती. त्यामुळे बाजारात अतिरिक्त पैसा कमी राहिला. राजवाड्यापासून चाळीपर्यंत सर्वांना कार्ड आहे, ही भावना लोकांना नियम पाळायला लावणारी ठरली. अर्थात ब्रिटनमध्येही काळाबाजार होताच आणि रेशनिंग पूर्णपणे संपायला जुलै १९५४ उजाडला. पण साम्राज्याच्या केंद्रात जी काळजी घेतली गेली, ती त्याच साम्राज्याच्या बंगालमध्ये घेतली गेली नाही.

युद्ध संपल्यावर नियंत्रणे का संपली नाहीत?

‘डिफेन्स ऑफ इंडिया’ कायद्याची मुदत सप्टेंबर १९४६ मध्ये संपली. टंचाई मात्र कायम होती. १९४६ मध्ये शिधा दिवसाला १२ औंसांवर आणावा लागला होता. म्हणून अत्यावश्यक पुरवठ्याचा ‘तात्पुरत्या अधिकारांचा’ कायदा करण्यात आला. स्वातंत्र्यानंतर महात्मा गांधींनी प्रार्थनासभांतून नियंत्रणे उठवण्याचा आग्रह धरला. कंट्रोलमुळे लबाडी वाढते आणि शेतकऱ्याचे धाडस खचते, अशी त्यांची भूमिका होती. ए. डी. गोरवाला आणि धनंजयराव गाडगीळ यांचे वस्तुमूल्य मंडळ घाईने नियंत्रणे उठवण्याच्या विरोधात होते. डिसेंबर १९४७ पासून नियंत्रणे सैल झाली. पुढच्या सात-आठ महिन्यांत घाऊक दर एक चतुर्थांशाहून अधिक चढले आणि १९४८ मध्ये कापड व धान्यावर पुन्हा नियंत्रण आणावे लागले.

पुढे रफी अहमद किडवाई अन्नमंत्री असताना १९५४ पर्यंत धान्यावरील नियंत्रण खरोखर उठले. तोवर पीक बरे आले होते आणि सरकारच्या हाती साठा होता. १९४७ आणि १९५४ यांत हाच फरक होता. नियंत्रण लावताना जो साठा लागतो, तो उठवतानाही लागतो.

तरीही अधिकार सोडायला सरकार तयार नव्हते. १९५४ च्या तिसऱ्या घटनादुरुस्तीने अन्नधान्य, चारा, कापूस आणि ताग हे विषय समवर्ती सूचीत आले आणि १ एप्रिल १९५५ पासून जीवनावश्यक वस्तू कायदा लागू झाला. युद्धासाठी घेतलेला अधिकार शांततेच्या काळात कायमचा झाला. १९६५ च्या युद्धाच्या वर्षी लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक वेळ न जेवण्याचे आवाहन केले, ते सर्वांच्या स्मरणात आहे. पण त्याच वर्षाच्या प्रारंभी भारतीय अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग उभे राहिले, ही गोष्ट दूरगामी ठरली. सरकारने शेतकऱ्याला भाव देऊन धान्य विकत घ्यायचे आणि साठवायचे, हा मार्ग तेथून रुंदावला.

आजचा कायदा काय सांगतो?

औषधे, खते, खाद्यतेलासह अन्नपदार्थ, सुती लडी सूत, पेट्रोलियम पदार्थ, ताग आणि बियाणे असे सात गट कायद्याच्या अनुसूचीत आहेत. जनहितार्थ केंद्र त्यांत मर्यादित काळासाठी भर घालू शकते. मार्च २०२० मध्ये मास्क आणि सॅनिटायझर असेच यादीत आले होते. कलम ३ खाली उत्पादन, साठा, वाहतूक आणि किंमत यांवर आदेश निघतात. जिल्हाधिकारी माल जप्त करू शकतात. शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. शिवाय १९८० च्या काळाबाजार प्रतिबंधक कायद्यात सहा महिन्यांपर्यंत स्थानबद्धतेची तरतूद आहे.

२०२० मधील तीन कृषी कायद्यांपैकी एकाने या अधिकारांना मुरड घातली होती. युद्ध, दुष्काळ, नैसर्गिक आपत्ती किंवा असाधारण भाववाढ असेल तरच धान्य, डाळी, कांदा, बटाटा, तेलबिया यांचे नियमन करता येईल, असे त्यात होते. साठामर्यादेसाठी नाशवंत मालात १०० टक्के आणि इतर मालात ५० टक्के भाववाढ ही अट होती. २०२१ मध्ये हे कायदे मागे घेतले गेले आणि सरकारचे पूर्वीचे सर्व अधिकार परत आले.

छाप्यांनी भाव उतरतात का?

केंद्राच्याच २०१९-२० च्या आर्थिक पाहणी अहवालाने याचे उत्तर जवळपास नकारार्थी दिले. २०१९ मध्ये या कायद्याखाली सुमारे ७६ हजार छापे पडले, पण शिक्षा होण्याचे प्रमाण २ ते ४ टक्के इतकेच असल्याचे अहवालात नमूद होते. साठामर्यादेमुळे भाव स्थिर राहण्याऐवजी चढ-उतार वाढल्याचे निरीक्षणही त्यात आहे.

युक्रेन युद्धानंतरचा अनुभव अधिक बोलका आहे. २०२१-२२ मध्ये ४३३ लाख टन गहू खरेदी करणाऱ्या सरकारला २०२२-२३ मध्ये जेमतेम १८८ लाख टन मिळाला. उष्णतेच्या लाटेने पीक घटले होते आणि जागतिक टंचाईमुळे खासगी व्यापारी २,०१५ रुपयांच्या हमीभावापेक्षा जास्त देत होते. १३ मे २०२२ रोजी निर्यातबंदी आली, तरी भाव चढेच राहिले. जानेवारी २०२३ च्या अखेरीस सरकारने ३० लाख टन गहू खुल्या बाजारात विकायचा निर्णय घेतल्यावर ते उतरले. जून २०२३ मध्ये साठामर्यादाही लागली. पण भावाला खरा उतार दिला तो गोदामातून बाहेर पडलेल्या गव्हाने.

जेथे हाती साठा नाही तेथे कायद्याची मर्यादा उघडी पडते. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आयात होते. २०२२ मध्ये काळ्या समुद्रातून येणारे सूर्यफूल तेल अडले, तेव्हा येथील दुकानदारावर छापा टाकून ते येणार नव्हते. कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळूरु आणि पाडूर येथे ५३.३ लाख टनांचे भूमिगत साठे आहेत. ते देशाची जेमतेम साडेनऊ दिवसांची गरज भागवतात. तेल कंपन्यांचे साठे वेगळे धरले, तरी लांबलेल्या युद्धात ही तुटपुंजी बाब ठरते.

याची किंमत कोण मोजतो?

भावनियंत्रणात ग्राहकाला मिळणारी सवलत बहुतेक वेळा शेतकऱ्याच्या खिशातून येते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क आणि ८ डिसेंबर २०२३ रोजी निर्यातबंदी आली. लासलगाव, पिंपळगावसह नाशिक जिल्ह्यातील बाजार समित्यांत त्याचे पडसाद लगेच उमटले. बंदी ४ मे २०२४ रोजी उठली. त्या वेळी देश कोणत्याही युद्धात नव्हता. भाव पडतात तेव्हा शेतकऱ्याने बाजाराचा नियम सोसायचा आणि भाव वाढतात तेव्हा आणीबाणीचा, अशी ही दुहेरी शिक्षा आहे. प्रत्यक्ष युद्धात देशासाठी त्याग मागणे समजू शकते. पण तोच अधिकार दर सणासुदीला किंवा निवडणुकीआधी वापरला, तर खऱ्या संकटात सरकारच्या शब्दाला वजन राहत नाही.

मग खरी तयारी कोणती?

१९४३ पासूनचा अनुभव तीन गोष्टी सांगतो. भाव बांधण्याआधी सरकारच्या हाती माल हवा आणि तो शेतकऱ्याला परवडेल अशा भावाने आधीच घेतलेला हवा. वाटपाची यादी तयार हवी आणि त्या यादीत स्थलांतरित मजूर, भूमिहीन आणि असंघटित कामगार असायलाच हवेत. बंगालमध्ये मरण पावलेले लोक प्रामुख्याने यादीबाहेरचे होते. तिसरे म्हणजे असाधारण अधिकाराला मुदत आणि स्पष्ट निकष हवेत. २०२० च्या दुरुस्तीतील बाकीचे वादाचे मुद्दे बाजूला ठेवले, तरी नियमनाचा निकष आधी लिहून ठेवण्याची कल्पना जपण्यासारखी होती. तो कायदा गेला म्हणून निकषांची गरज गेली नाही.

मे २०२५ मध्ये अफवा फार टिकल्या नाहीत, कारण त्या हंगामात सरकारने सुमारे ३०० लाख टन गहू विकत घेतला आणि तांदळाने गोदामे भरलेली होती. खाद्यतेल, डाळी आणि इंधन यांबाबत मात्र तोच भरवसा आज देता येत नाही. या वस्तूंचा साठा आणि देशातील उत्पादन वाढवण्याचे काम शांततेच्या काळातच करावे लागेल. युद्ध सुरू झाल्यावर हाती राहतात ते फक्त हुकूम, आणि केवळ हुकमाने धान्य बाजारात येत नाही हे ४ रुपये ६ आण्यांच्या गव्हाने फार पूर्वीच दाखवून दिले आहे.